पासोडीवरची आकृती: अंबाजोगाईपासून टिक्झपर्यंत

१/ बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई. काळ सोळाव्या शतकाची अखेर आणि सतराव्याचा प्रारंभ. एका संतकवीने जाड सुती कापडाची लांबलचक पासोडी अंथरली आणि तिच्यावर एक ग्रंथ लिहिला. पासोडीची लांबी सुमारे ४० फूट, रुंदी सुमारे ४ फूट. ग्रंथाचा विषय पंचीकरण, ग्रंथकार दासोपंत. या पासोडीवर ओव्यांच्या जोडीला आकृत्या आणि कोष्टकेही आहेत. शास्त्रीय मजकूर आणि त्याची आकृती एकत्र कशी नांदवावी, हा प्रश्न मराठी मुलखात किती जुना आहे याची ही साक्ष. या प्रश्नाचा प्रवास थेट आजच्या संगणकीय आज्ञावलीपर्यंत येतो. 🧵

२/ प्रथम दासोपंतांविषयी. जन्म १५५१, बीदरच्या बरीदशाही मुलखातील नारायणपेठ येथे, देशपांडे घराण्यात. दत्तात्रेयाचे उपासक. आयुष्याचा उत्तरार्ध अंबाजोगाईत गेला आणि १६१५ च्या सुमारास तेथेच त्यांनी देह ठेवला. गीतेवरील त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा शब्दशः अर्थ घेण्याचे कारण नाही. परंतु लेखनाचा एवढा व्याप असलेल्या कवीने एका विषयासाठी कागद बाजूला ठेवून कापड निवडले, ही गोष्ट लक्ष वेधून घेणारी आहे.

३/ पंचीकरण हा वेदान्तातील विषय. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच सूक्ष्म भूते एकमेकांत मिसळून स्थूल सृष्टी कशी होते, याची ती उपपत्ती. रूढ मांडणी अशी: प्रत्येक भूताचे दोन समान भाग करावेत. एक अर्धा भाग त्याच्यापाशीच राहतो. दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग करून उरलेल्या चार भूतांना एकेक वाटावा. म्हणजे प्रत्येक स्थूल भूतात १/२ भाग स्वतःचा आणि १/८ प्रमाणे चार भाग इतरांचे. बेरीज पूर्ण १.

४/ ही वाटणी ओव्यांत सांगता येते, परंतु ऐकणाऱ्याच्या मनात ती ठरत नाही. पाच देणारे, पाच घेणारे. म्हणजे पंचवीस घरांचे कोष्टक. त्यांतील पाच घरे स्वतःच्या अर्ध्या भागाची आणि वीस घरे देवाणघेवाणीची. बाणांनी दाखवायचे ठरवल्यास वीस बाण लागतात. शब्द एकामागून एक येतात. हे वीस संबंध मात्र एकाच वेळी खरे असतात. जे एकाच वेळी खरे आहे ते एका दृष्टिक्षेपात दिसावे, ही आकृतीची गरज येथून निर्माण होते.

५/ पोथीचे पान आडवे आणि अरुंद. त्यावर अशी मांडणी केली की ती तुटक होते. एक तुकडा या पानावर, दुसरा पुढच्या. चाळीस फुटांच्या कापडावर ती अडचण नाही. पासोडी अंथरावी किंवा भिंतीवर टांगावी, श्रोत्यांना बसवावे आणि बोट ठेवून समजावून सांगावे, अशी तिची सोय आहे. आजच्या वर्गातील तक्त्याचे काम ती करू शकते. परंतु या सोयीची एक किंमत होती. ओव्यांची नक्कल कोणीही लेखक पोथीत उतरवून घेऊ शकतो; चाळीस फुटांच्या मांडणीची नक्कल कोण करणार? मजकूर प्रवास करू शकतो, आकृती जागेवरच राहते.

६/ मजकूर टिकतो आणि आकृती हरवते, हे दुखणे दासोपंतांच्याही आधीचे. त्यासाठी चार शतके मागे, भास्कराचार्यांपर्यंत जावे लागते. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव, असे ते स्वतः सांगतात. हे विज्जडविड नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही.

७/ अकबराच्या आज्ञेने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर करणाऱ्या फैझीने बीदरचे नाव घेतले. कोणी विजापूर म्हणतात, कोणी चाळीसगावजवळचे पाटण. काही अभ्यासकांनी बीड सुचवले आहे. नावातील साम्य आणि सह्याद्रीचा फाटा असलेल्या बालाघाट डोंगररांगेचे सान्निध्य ही त्यामागची कारणे. बीडकरांना हा दावा प्रिय असणे स्वाभाविक आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्याला ‘एक मत’ एवढेच स्थान द्यावे. पाटणच्या बाजूने निदान एक ठोस दगड उभा आहे.

८/ तो दगड म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला पाटणचा शिलालेख. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण यादवाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापन केला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळाले, असा त्याचा आशय. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख अंबाजोगाईत आहेत. म्हणजे जन्मगावाचा वाद बाजूला ठेवला, तरी भास्कराचार्यांची परंपरा आणि आजचा बीड जिल्हा एकाच राजसत्तेच्या छायेत होते.

९/ आता ‘लीलावती’तील आकृत्यांकडे. ग्रंथ पद्यात आहे. उदाहरणाचा श्लोक आला की गद्यात एक शब्द येतो: न्यास. न्यास म्हणजे मांडणी. ‘येथे संख्या मांडा, येथे आकृती काढा’ अशी ती सूचना. विद्यार्थी ती धूळपाटीवर मांडत असे, गणित सोडवत असे आणि हाताने पुसून टाकत असे. ग्रंथ मुखोद्गत राहत असे. आकृती दर पिढीत, दर पाटीवर नव्याने जन्म घेत असे. श्लोकाचे काम एवढेच की जन्मणारी आकृती प्रत्येक वेळी तीच असावी.

१०/ उदाहरणार्थ, मोडलेल्या वेळूचा प्रश्न. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. वेळू कोठे मोडला? उत्तर: १२ हातांवर. उभा भाग १२, जमिनीवरचे अंतर १६, कललेला भाग २०. श्लोक वाचणाऱ्याला चित्र दाखवलेले नाही. चित्र काढण्यास पुरेशी माहिती मात्र दिली आहे. कोठून आरंभ, कोठे वळण, कोठे शेवट, सर्व मापांसह. आजच्या भाषेत बोलायचे तर श्लोक हीच आज्ञावली आणि विद्यार्थी हेच ती चालवणारे यंत्र.

११/ या परंपरेत बाणालाही मानाचे स्थान आहे. वर्तुळाचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणावा. वक्र भाग म्हणजे चाप, धनुष्य. त्याची दोन टोके जोडणारी सरळ रेषा म्हणजे ज्या किंवा जीवा, धनुष्याची दोरी. दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे शर, बाण. भूमितीची एक अख्खी शाखा धनुर्धराच्या एका पवित्र्यात सामावली आहे. ‘लीलावती’तील उदाहरण: व्यास १०, ज्या ६, तर शर किती? १०० मधून ३६ वजा केले, उरले ६४. त्याचे मूळ ८. १० मधून ८ गेले २. त्याचे अर्धे १. शर १.

१२/ या दोरीने पुढे दूरचा प्रवास केला. ‘जीवा’ अरबीत ‘जिबा’ झाली. अरबी लिपीत स्वर बहुधा लिहीत नसल्याने ती अक्षरे ‘जैब’ अशीही वाचली गेली. जैब म्हणजे वस्त्राचा खळगा. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द घेतला आणि त्यातून शाळेत शिकला जाणारा ‘साइन’ आला. आकृती सोबत असती, तर धनुष्याची दोरी कोणाला खळगा वाटली नसती. केवळ शब्द पुढे गेला आणि चित्र मागे राहिले की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

१३/ भास्कराचार्यांविषयीची एक लोकप्रिय कथा येथे तपासून घ्यावी. काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त त्यांनी केवळ आकृती काढून आणि ‘पाहा!’ एवढाच शब्द लिहून सिद्ध केला, असे पाश्चात्त्य पुस्तकांत वारंवार आढळते. ‘बीजगणिता’तील प्रत्यक्ष मांडणी इतकी मौनी नाही. तेथे भुज आणि कोटी १५ व २० देऊन कर्ण विचारला आहे आणि रूढ रीतीची उपपत्तीही मागितली आहे. या संख्यासुद्धा शब्दांत आहेत: १५ साठी ‘तिथी’, २० साठी ‘नख’. चार त्रिकोण भोवती ठेवून मध्ये लहान चौरस उरतो, ही रचना तेथे गणितासह येते.

१४/ उपपत्ती सविस्तर लिहिण्याचे काम टीकाकारांनी पुढे नेले. त्यांत कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ अग्रणी. ‘ग्रहलाघव’ हा त्यांचा करणग्रंथ १५२० चा, तर ‘लीलावती’वरील ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका १५४५ ची. पण टीका वाढली तशी एक अडचणही वाढली. पोथी उतरवणारा लेखक अक्षरात निष्णात असे. तो गणिती असेलच असे नाही. अक्षर चुकले तर पुढचा जाणकार छंदावरून ते ओळखतो. आकृतीत रेषा तिरकी गेली, काटकोन बिघडला, मापे जागा चुकली, तर सावध करणारा छंद तेथे नसतो.

१५/ मग छापखाना आला. मराठी गणिताच्या पाठ्यपुस्तकांचा उद्योग १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मराठी शास्त्र्यांच्या साहाय्याने आरंभला. शिळाप्रेसवर मजकूर आणि आकृती दोन्ही एकाच दगडावर हाताने उतरत असल्याने त्यांची ताटातूट होत नसे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये छापील पंचांग काढले, तेही शिळाप्रेसवर. पंचांगातील कुंडल्या, चौकटी आणि कोष्टके यांना हे तंत्र सोयीचे होते. उणीव एकच: सारे काही पुन्हा हस्ताक्षरावर अवलंबून.

१६/ खिळ्यांची छपाई स्थिरावली तसे चित्र पालटले. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. देवनागरीचे सुबक, रेखीव रूप घरोघर पोहोचले. परंतु खिळे ओळीत बसतात. कर्ण आणि वर्तुळ ओळीत बसत नाहीत. आकृतीसाठी लाकडाचा किंवा धातूचा ठोकळा वेगळा कोरून घ्यावा लागे. मजकूर जुळारी जुळवी आणि आकृती कोरणारा कारागीर कोरी. एकाच सिद्धान्ताचे दोन अर्धे भाग दोन वेगळ्या हातांत गेले. मजकुरात एक मोजमाप सुधारले, तर ठोकळा जुनाच राहण्याची शक्यता निर्माण झाली.

१७/ पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ मध्ये ‘लीलावती’ची टीकांसह आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे ना. ह. फडके यांनी ‘लीलावती पुनर्दर्शन’ लिहून तिचे गणित मराठी वाचकांसाठी उलगडले. विसाव्या शतकातील अशा प्रत्येक गणिती पुस्तकामागे जुळारी, ब्लॉक करणारा आणि मुद्रिते तपासणारा अशी माणसांची साखळी उभी असे. त्रिकोणाच्या कोनांवर अ, ब, क बसवणे हेसुद्धा स्वतंत्र काम होते. खर्च वाढे, वेळ जाई. म्हणून कित्येकदा आकृतीच कमी केल्या जात. वाचकाला न दिसलेल्या आकृत्यांची नोंद अर्थात कोठेही होत नाही.

१८/ हीच नाराजी १९७७ मध्ये अमेरिकेत एका गणितज्ञ संगणकशास्त्रज्ञाला आली. डोनाल्ड कनुथ यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांना इतकी निकृष्ट वाटली, की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची संगणकीय भाषा रचली: टेक. अक्षरे रेखण्यासाठी सोबतीला दुसरी भाषा: मेटाफॉन्ट. तिच्यात अक्षर हाताने काढायचे नसते. बिंदूंमधील संबंध समीकरणांनी सांगायचे असतात आणि लेखणीची जाडी व कल ठरवून द्यायचा असतो. ज्ञात संबंध लिहा, अज्ञात बिंदू यंत्र काढील. ‘बीजगणिता’च्या विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटू नये.

१९/ या घडामोडींत मुंबईचाही सहभाग होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिसरातील राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्रात काम करणारे पिजूष घोष यांनी भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवर आणि जुळणीवर लिहिलेला अहवाल १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने काढला. पुढे नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी मेटाफॉन्टमध्ये देवनागरी उतरवली. १९९१ पासून ती खुली आहे. तिच्या नंतरच्या रूपांत काही अक्षरांचे ‘मुंबई’ आणि ‘कलकत्ता’ असे पर्याय दिलेले आढळतात. निर्णयसागराच्या वळणात वाढलेल्या मराठी डोळ्याला उत्तरेकडील अक्षरवळण खटकते, ही गोष्ट आज्ञावलीलाही मान्य करावी लागली.

२०/ अक्षरे आली, आता आकृत्या. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक या टेकवर आधारलेल्या प्रणालीत चित्र काढण्याची सोय होती, पण एक विचित्र मर्यादा होती. तिरक्या रेषा आणि बाण हे खिळ्यांसारखेच तयार अक्षरसंचातून उचलले जात. म्हणून रेषेचा कल ६ पर्यंतच्या पूर्णांकांच्या गुणोत्तरातच असू शके आणि बाणाचा ४ पर्यंतच्या. हिशोब केला तर बाण अवघ्या ४८ दिशांना जाऊ शकत होता. ४९ वी दिशा दाखवायची असेल, तर बाण नाही.

२१/ या मर्यादेवर ‘लीलावती’ घासून पाहावी. मोडलेला वेळू: १२ आणि १६, म्हणजे ३ : ४. चालेल. खांबावरचा मोर आणि बिळाकडे येणारा साप: खांब ९ हात, साप गाठला तो १२ हातांवर, पुन्हा ३ : ४. ‘तिथी’ आणि ‘नख’: १५ आणि २०, तेच. व्यास १० आणि ज्या ६ यांतही ३, ४, ५ चाच त्रिकोण लपलेला. आता तळ्यातील कमळ: पाण्यावर अर्धा हात, वाऱ्याने २ हातांवर जाऊन बुडाले; पाण्याची खोली १५/४ हात. कललेल्या देठाचे गुणोत्तर ८ : १५. हा देठ त्या लाटेकला अचूक काढता येत नव्हता.

२२/ बाराव्या शतकातील श्लोक जो कल सहज सांगून जातो, तो १९८० च्या दशकातील प्रणालीच्या आवाक्याबाहेर होता. कारण ती अजून खिळ्यांच्याच चाकोरीत चित्राचा विचार करत होती. सुटका झाली ती अनेक वाटांनी. बेल प्रयोगशाळेत ब्रायन कर्निहन यांची ‘पिक’ ही भाषा; १९८४ ची पोस्टस्क्रिप्ट, जिच्यात कोणतीही रेषा कोणत्याही दिशेला जाते; तिच्या बळावर टिमथी व्हॅन झँट यांचे पीएसट्रिक्स; आणि मेटाफॉन्टच्या वंशातील, जॉन हॉबी यांचे मेटापोस्ट. मेटापोस्टने समीकरणांतून बिंदू शोधण्याची रीत अक्षरांकडून आकृत्यांकडे आणली.

२३/ या वंशावळीतील आज सर्वाधिक वापरले जाणारे नाव टिक्झ. कर्ते टिल टान्टाउ, जर्मनीतील ल्यूबेक विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ. २००५ च्या सुमारास ते सर्वांना उपलब्ध झाले. नावाचा जर्मन विस्तार खट्याळ आहे: ‘टिक्झ हा चित्र काढण्याचा प्रोग्राम नव्हे’. खरोखरच त्यात उंदीर सरकवून रेघ ओढत नाहीत. शून्यापासून आरंभ, चार घरे उजवीकडे, तेथून तीन घरे वर, परत आरंभबिंदूला, टोकाला बाण, मध्यावर ‘कर्ण’ हे नाव, असे लिहितात. वाक्याच्या शेवटचे अर्धविरामचिन्ह विसरले की आकृती अडून बसते.

२४/ आता पुन्हा पंचीकरणाकडे यावे. पाच भूते वर्तुळावर ७२ अंशांच्या अंतराने मांडायची आणि प्रत्येकाकडून इतर चौघांकडे बाण न्यायचा. हाताने काढायचे तर वीस बाण, वीस शक्यता चुकण्याच्या. टिक्झमध्ये पुनरावृत्तीची आज्ञा एकात एक गुंफून लिहितात: ‘पाचांपैकी प्रत्येकासाठी, उरलेल्या चारांपैकी प्रत्येकासाठी, एक बाण आणि त्यावर १/८’. काही ओळींत वीस बाण तयार. आणि ही ओळ नीट वाचली तर ती आकृतीची कृती राहत नाही, पंचीकरणाची व्याख्याच होते. आकृती काढण्याची आज्ञा आणि सिद्धान्त येथे एकच वाक्य बोलतात.

२५/ न्यासाचे वर्तुळ येथे पूर्ण होते. श्लोकात आकृती शब्दरूप होती. पोथीत ती लेखकाच्या हातात गेली, पासोडीवर एकाच कापडाशी बांधली गेली, छापखान्यात ठोकळ्यावर वेगळी पडली. आज्ञावलीत ती पुन्हा मजकूर झाली. मजकूर झाल्यामुळे मजकुराचे सर्व गुण तिला लाभले: नक्कल करताना ती झिजत नाही, चूक एका जागी सुधारली की सर्वत्र सुधारते, आणि कोणीही ती उघडून तपासू शकतो. १२ च्या जागी १३ लिहिले असेल, तर ते वाचता येते. वाकडी रेघ वाचता येत नाही.

२६/ टिकाऊपणाची शंका घेणे योग्यच. आजची फाइल पन्नास वर्षांनी कोण उघडणार? कनुथ यांनी याचे उत्तर आपल्या परीने दिले. टेकमध्ये नव्या सुविधा घालणे त्यांनी थांबवले. फक्त चुका दुरुस्त होतात आणि दर दुरुस्तीला आवृत्तीचा क्रमांक ‘पाय’ या संख्येकडे एकेक अंकाने सरकतो. देवनागरीपुरती आणखी एक अडचण होती: जोडाक्षरे. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या झीटेकने युनिकोड मजकूर थेट स्वीकारला आणि आकृतीवर ‘पृथ्वी’, ‘कोटी’, ‘शर’ ही नावे सरळ मराठीत लिहिणे सुलभ झाले. त्रिकोणाला पुन्हा अ, ब, क म्हणण्यास तंत्राची हरकत उरली नाही.

२७/ याचा अर्थ आज्ञावली सारे काही वाचवते असा नाही. पासोडीवरची शाई, दासोपंतांच्या हाताचे वळण, कापडाचा पोत, जागा पुरेना म्हणून आकुंचित झालेले अक्षर: यांतले काहीही आज्ञावलीत उतरत नाही. त्यासाठी मूळ कापडाचे जतन आणि उत्तम छायाचित्रण हाच मार्ग. आज्ञावली वाचवते ते आकृतीतील संबंध: कोण कोणाला काय देतो, कोणती रेषा कोणाशी काटकोनात आहे. वस्तू आणि अर्थ अशी ही दोन वेगळी जतने आहेत आणि एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

२८/ चारशे वर्षांच्या कापडाला ओल, कसर आणि घड्या यांचे भय सदैव असते. महाराष्ट्रातील मठांत, वाड्यांत आणि ग्रंथालयांत अशा आकृतियुक्त पोथ्या, कुंडल्या आणि यंत्रलेखनाची बाडे आजही आहेत. त्यांतील मजकुराची संपादने झाली; आकृत्या बहुधा ‘येथे आकृती आहे’ एवढ्या टिपेवर थांबल्या. वाचून, मापे पडताळून, त्या आज्ञावलीत पुन्हा मांडणे हे काम भूमिती जाणणाऱ्या आणि मोडी-देवनागरी वाचू शकणाऱ्या तरुणांचे आहे. साधने विनामूल्य आहेत. संगणक जुना असला तरी चालतो. लागतो तो न्यास करण्याचा संयम.

२९/ अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींचे दर्शन घेण्यासाठी अनेकजण जातात. इतिहासाच्या अभ्यासकाने तेथे पासोडीचीही आठवण ठेवावी. मराठीत शास्त्र सांगायचे असेल तर केवळ शब्द पुरत नाहीत, आकृतीलाही तितकीच जागा द्यावी लागते, हे ओळखून एका कवीने तिच्यासाठी चाळीस फूट जागा दिली होती. ती आकृती दुसऱ्याच्या हाती जशीच्या तशी देण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. आज ते आहे.